पोलर लोला ‘ध्रुवीय भोवरा’ म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की आर्क्टिकमधल्या ‘पोलर लो’वर, म्हणजे तिथल्या समुद्रावर होणाऱ्या छोट्या पण जोरदार वादळावर, मराठीत लेख लिहायचाय, तर त्याला ‘ध्रुवीय भोवरा’ म्हटलं तर चालेल का.

नको. भोवरा पोलर व्होर्टेक्ससाठीच, म्हणजे ध्रुवाभोवती फिरणाऱ्या वाऱ्यांसाठीच राहू द्या, ते प्रकरण पार वर स्ट्रॅटोस्फिअर या वातावरणाच्या वरच्या थरातलं, हजारो किलोमीटर पसरलेलं आणि अख्खा हिवाळा फिरत राहणारं. पोलर लो खाली समुद्रावर तयार होतो, व्यास २०० ते १००० किमी, आणि बहुतेक वेळा दोन दिवसांच्या आत खलास. म्हणजे होतं काय, गोठलेल्या समुद्रावरून कडाक्याची गार हवा सुटते आणि नॉर्वेजियन किंवा बॅरेंट्स समुद्राच्या उघड्या पाण्यावर येते, ते पाणी तिच्या मानाने चांगलंच ऊबदार, त्यामुळे खालून उष्णता आणि बाष्प मिळत राहतं, पाण्याचा पृष्ठभाग आणि पाचेक किमी उंचीवरची हवा यांच्या तापमानात ४० अंशांहून जास्त फरक असला की हवा जोरात वर उसळते आणि फिरायला लागते. सॅटेलाइटच्या फोटोत कधीकधी मधे डोळासुद्धा दिसतो! जमिनीवर आलं की ही ऊब तुटते, मग लगेच विरतं.

मग सरळ ‘ध्रुवीय चक्रीवादळ’ का नाही? मला तेही पटत नाही. आपल्या हवामान खात्याच्या हिशेबात वारा ताशी ६२ किमीला पोचल्याशिवाय चक्रीवादळ म्हणत नाहीत, त्याच्याखाली असेल तर नुसतं डिप्रेशन नाहीतर डीप डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या खालच्या पायऱ्या. पोलर लोला साधारण सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किमी वारा पुरतो. आणि पुण्यात, हवामान खात्याच्या शिमला ऑफिसच्या गावात, जिथे लोक अजून ‘वेधशाळा काय म्हणते’ असं विचारतात, तिथे या शब्दांचा काटेकोरपणा आपणच पाळायला हवा ना.

पेपरातला ‘कमी दाबाचा पट्टा’ तर अजिबात नको, हे गोल असतं, पट्टा लांबट. ‘लघुवादळ’ म्हटलं की वाचणाऱ्याला ते किरकोळ वाटणार, आणि नॉर्वेच्या कोळ्यांसाठी ते किरकोळ कधीच नव्हतं. वेधयंत्रं तिकडे विरळ, हवामानाच्या संगणकी मॉडेलची जाळी मोठी, म्हणजे तिच्या बिंदूंमधलं अंतर जास्त असलं की हे मधल्यामधे निसटतं, म्हणून तर त्यावर एवढं संशोधन चालतं.

मी ‘ध्रुवीय सागरी वादळ’ वापरीन, पहिल्या उल्लेखात शेजारी ‘पोलर लो’ द्यायचं. वाक्य असं होईल: ‘बॅरेंट्स समुद्रावर ध्रुवीय सागरी वादळ तयार झालं असून उद्या दुपारपर्यंत नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावर जोराचा वारा आणि बर्फवृष्टी होईल.’