गाडी खाली बसवली आणि टायर आतून गेले

प्रश्न : नाना, नमस्कार. मी अमळनेरचा. स्विफ्टला छोट्या स्प्रिंगा टाकून गाडी 40 मिलिमीटर खाली घेतली. त्याच संध्याकाळी अलाइनमेंट केलं, स्क्रीनवर सगळं हिरवं. 11,000 किलोमीटरला पाहतो तर पुढच्या दोन्ही टायरची आतली कड पार गोटा, बाहेरची नक्षी मात्र नव्यासारखी. पुन्हा अलाइनमेंट केलं, पुढे नवीन टायर घातले. आता 3,000 झाले आणि आतल्या बाजूला हात फिरवला की परत दाते लागतात. स्टिअरिंग सरळ आहे, गाडी कुठेच ओढत नाही. मशीन चुकीचं दाखवतंय का? सगळे म्हणतात कॅम्बरमुळे होतंय. कॅम्बर किट घेऊ का? दोन्ही वेळचे कागद पाठवतोय.
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : भाऊ, कागद पाठवलेस हे फार चांगलं केलंस. बहुतेक लोक पैसे देतात आणि कागद तिथेच टाकून येतात. तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर दुसऱ्या कागदावरच्या ‘आधी’ या रकान्यात आहे. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल (उणे म्हणजे वरची बाजू आत झुकलेली), डावीकडे उणे 1 अंश 10 मिनिटं, उजवीकडे उणे 1 अंश 5 मिनिटं. टो, म्हणजे वरून पाहिलं तर चाकाचं तोंड आत किंवा बाहेर किती वळलंय ते, दोन्ही चाकांचा बाहेर, प्रत्येकी 15 मिनिटं.

तुझे टायर मुख्यतः या 15 मिनिटांनी खाल्ले. कॅम्बरने फक्त कुठली बाजू खायची ते ठरवलं. उणे एक-सव्वा अंश कॅम्बर असलेल्या गाड्या टो बरोबर असेल तर टायर बऱ्यापैकी सरळ झिजवतात. आतली कड थोडी लवकर जाते, पण 11,000 मध्ये गोटा होत नाही.

15 मिनिटं म्हणजे पाव अंश. ऐकायला काहीच वाटत नाही. हिशेब कर : पाव अंश तिरकं चाक एक किलोमीटर पुढे जाताना साधारण सव्वाचार मीटर आडवं घासतं. जळगाव ते धुळे सुमारे 90 किलोमीटर धर, तर एका फेरीत जवळपास 400 मीटर. रबरावर कानस फिरवावी तसं हे चालू असतं. आणि दोन्ही चाकं सारखीच बाहेर वळलेली असल्यामुळे एकमेकांचा ओढा मारतात. म्हणून स्टिअरिंग सरळ, गाडी सरळ, आणि तुला काही कळलं नाही. गाडी ओढत नाही म्हणजे अलाइनमेंट ठीक आहे, हा समज मी रोज ऐकतो. तो सोडून दे.

आता पहिल्या दिवशी हिरवं होतं ते बिघडलं कसं? गाडी खाली आली की लोअर आर्मचं, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचं, चाकाकडचं टोक वर उचललं जातं आणि टाय रॉडचं, म्हणजे स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचंही. पण दोघांची लांबी वेगळी, आतली बिजागरं वेगळ्या जागी, त्यामुळे दोघं वेगवेगळ्या कमानीत फिरतात. उंचीत जरा फरक पडला की टो हलतो. तू स्प्रिंगा टाकल्या त्याच संध्याकाळी माप घेतलंस. नव्या स्प्रिंगा पुढच्या काही शे किलोमीटरमध्ये आणखी थोड्या बसतात. गाडी बसली, टो बाहेर गेला, आणि तू त्याच मापावर 11,000 किलोमीटर फिरलास. मशीन बरोबरच होतं, माप घेण्याची वेळ चुकली होती.

राहिला दुसरा भाग : परत दाते का? दुसऱ्या कागदावर ‘नंतर’ टो शून्य आहे आणि स्प्रिंगा तर केव्हाच बसलेल्या. इथे माझा संशय लोअर आर्मच्या बुशवर, म्हणजे आर्म गाडीला जोडणाऱ्या रबरी सांध्यावर आहे. या बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. ते फिरत नाही, पिळलं जातं. कंपनीत बोल्ट आवळतात ते मूळ उंचीला. स्प्रिंगा बदलताना आर्मचे बोल्ट सहसा कोणी ढिले करत नाही. मग गाडी नुसती उभी असली तरी रबर पीळ खाऊन उभं, वरून आपल्याकडचं ऊन. हे रबर लवकर फाटतं. फाटलं की उभ्या गाडीवर टो शून्य दिसतो आणि ब्रेक मारला की आर्म मागे सरकून चाकाची दिशा बदलते. मशीन उभ्या गाडीचं माप घेतं, टायर मात्र चालत्या गाडीत झिजतो.

तेव्हा कॅम्बर किटचे पैसे आत्ता खिशात ठेव. आधी गाडी खड्ड्यावर घे आणि पहारीने बुश हलवून बघायला लाव. बॉल जॉइंट, टाय रॉड एन्ड, स्ट्रटचं (स्प्रिंग आणि शॉकअपचा उभा खांब) वरचं माउंटिंग हेही त्याच वेळी. ज्यात खेळ आहे ते बदल. नवीन बुश टाकल्यावर मेकॅनिकच्या शेजारी उभा राहा, कारण ही पायरी गाळली जाते : आर्मचे बोल्ट अर्धवट ठेवून गाडी चाकांवर उतरवायची, पुढून दाबून दोन-चार हिसके द्यायचे आणि मग चाकांवर उभ्या गाडीतच बोल्ट पूर्ण आवळायचे. जॅकवर लटकलेल्या गाडीत आवळले तर नवीन बुशही पहिल्या दिवसापासून पिळलेलं.

त्यानंतर अलाइनमेंट. हवा सकाळी थंड टायरमध्ये भरून जा. रोज चौघं जण बसत असतील तर तेवढं वजन सीटवर ठेवायला सांग, नाहीतर रिकाम्या गाडीचं माप भरलेल्या गाडीला लागत नाही. हिरव्या पट्ट्यात कुठेतरी काटा आला यावर समाधान मानू नकोस. तो पट्टा मूळ उंचीच्या गाडीसाठी आहे आणि त्याच्या कडेला असलेला टो तुझ्या कॅम्बरबरोबर मिळून आतली कड खाणारच. डावा-उजवा सारखा आणि शून्याच्या अगदी जवळ, असं मागून घे. मागचे आकडेही छापून घे. तुझ्या गाडीचा मागचा अ‍ॅक्सल एकसंध आहे, तिथे फिरवायला बोल्ट नाही, पण खड्ड्यात आपटून वाकला असेल तर आकड्यात दिसेल. मग 1,000 किलोमीटरनंतर पुन्हा एकदा माप घे. पाचशे-सातशे रुपये जातील, टायर वाचेल.

एवढं करूनही आतली कड लवकर जात असेल तर स्ट्रटच्या खालच्या बोल्टच्या जागी कॅम्बर बोल्ट टाक. त्याने अंश-सव्वा अंश सावरता येतो. मात्र कॅम्बर हलवला की टो हलतो, म्हणून टो नेहमी सगळ्यात शेवटी. दर 5,000 ला पुढचे टायर मागे घे.

आपल्या भागात खाली घेतलेल्या गाडीला आणखी एक त्रास आहे. काळ्या मातीवरचा रस्ता पावसात फुगतो, उन्हात आकसतो, त्याच्या लाटा तयार होतात. प्रत्येक लाटेला चाक वर-खाली, प्रत्येक वेळी टो थोडा आत-बाहेर. सपाट रस्त्यावर चालणाऱ्या तशाच गाडीपेक्षा तुझे टायर थोडे कमीच टिकतील, हे धरून चाल.

आणि ते जुने, आतून गोटा झालेले टायर घरात ठेवले असशील तर स्टेपनी म्हणूनही वापरू नकोस. बाहेरून चांगले दिसतात हाच त्यांचा धोका. आत तार उघडी पडली असेल आणि मे महिन्याच्या दुपारी हायवेला फुटला, तर शेजारी बसलेल्या माणसाचाही जीव आहे.

प्रश्न : मुलाला गाडी खाली करायची आहे. स्प्रिंगा महाग म्हणून एक जण जुन्याच स्प्रिंगा गॅसने कापून देतो म्हणतो. करू द्यावं का?
– एक वडील, भुसावळ

उत्तर : दादा, करू देऊ नका. गॅसच्या आचेने स्प्रिंगचं पाणी उतरतं, त्या जागी ती पिचते किंवा मोडते. कापलेलं टोक वाटीत नीट बसत नाही. स्पीडब्रेकरवरून चाक लटकलं की स्प्रिंग सैल पडते आणि परत येताना जागेवर बसेलच याची खात्री नाही. शॉकअपला वर-खाली व्हायला जागा उरत नाही, तो तळाला आपटत राहतो. कन्नडच्या घाटात भरल्या गाडीने वळण घेताना यातलं काही झालं तर सावरायला वेळ मिळत नाही.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे. नोंदणीतली माहिती कंपनीच्या मूळ मापापेक्षा वेगळी होईल असा बदल चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. विमा कंपनीला न कळवता काही बदललं तर अपघातानंतर दाव्याला तेच कारण आडवं येऊ शकतं. मुलाला हे माझ्या नावावर सांगा. हौस असेल तर पैसे साठवू दे आणि त्याच गाडीसाठी बनवलेल्या स्प्रिंगा, जोडीचे शॉकअप असं एकदम करू दे. तेही गाडी 25-30 मिलिमीटरपेक्षा जास्त खाली घेऊ नये, असं माझं मत.

प्रश्न : आमची गाडी जशीच्या तशी आहे, तरी चारही टायर मधोमध झिजले. अलाइनमेंट करू का?
– एक वाचक, शहादा

उत्तर : ताई, मधोमध झीज म्हणजे हवा जास्त. अलाइनमेंटचा संबंध नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर आहे, त्यावरचा आकडा पंपावरच्या मुलाला सांगा आणि सकाळी, गाडी फिरायच्या आधी भरा. दुपारी तापलेल्या टायरमध्ये आकडा चढलेला दिसतो, तेव्हा हवा सोडू नका. नक्षीच्या खोबणीत मधेमधे रबराचे छोटे उंचवटे असतात. मधली नक्षी त्यांच्या बरोबरीला आली असेल तर 1.6 मिलिमीटर उरली, चारही बदला.