वाचकांचे प्रश्न : डबल बॉटम बरोबर होता, मग लॉस का झाला?

प्रश्न : मी सांगलीला असतो, वय 28, कारखान्यात सुपरवायझर आहे. सहा महिने व्हिडिओ बघून आणि एक क्लास करून चार्ट पॅटर्न, म्हणजे भावाच्या आलेखातले आकार, शिकलो. हेड अँड शोल्डर, डबल बॉटम, फ्लॅग बघितल्याबरोबर ओळखता येतात. साठवलेले अडीच लाख घालून निफ्टी फ्युचर (निफ्टी निर्देशांकाचा पुढच्या तारखेचा खरेदी-विक्रीचा करार) सुरू केलं. 40 पॉइंटचा स्टॉपलॉस ठेवतो, म्हणजे भाव तेवढा उलटा गेला की सौदा आपोआप बंद, त्याच्यावर परवडत नाही. पहिल्या महिन्यात नऊ सौदे केले, सात स्टॉपलॉसला गेले, आणि स्टॉपलॉस लागला की मार्केट मी म्हटलेल्या दिशेनेच जातं. माझं पॅटर्न ओळखायला चुकतंय का?

उत्तर : नाही, पॅटर्न बहुतेक बरोबरच ओळखताय. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते वाक्य म्हणजे 'त्याच्यावर परवडत नाही'. सगळी गोम तिथेच आहे.

एक डबल बॉटम घेऊ, म्हणजे भाव दोनदा जवळपास एकाच तळाला येऊन वर फिरतो तो आकार, 15 मिनिटांच्या चार्टवरचा. पहिला तळ 24,100, मग भाव 24,260 पर्यंत वर आला, परत खाली 24,110, आणि आता 24,260 ची नेकलाइन (दोन तळांमधल्या उंचीची रेषा) तोडून वर निघालाय, तुम्ही तिथे घेतलं. आता हा पॅटर्न खोटा ठरला असं कधी म्हणायचं? दुसरा तळ तुटला तर, म्हणजे साधारण 24,090 ला. म्हणजे चार्टने सांगितलेला स्टॉपलॉस 170 पॉइंटचा. तुम्ही लावला 24,220 ला. नेकलाइन तोडल्यावर भाव एकदा मागे येऊन तिला टेकून जातो हे कितीतरी वेळा होतं, त्याने पॅटर्न मोडत नाही, पण तुमचा 24,220 चा स्टॉप उडतो आणि मग भाव निघतो 24,420 च्या टार्गेटकडे, तुमच्याशिवाय. एन्ट्री चार्ट बघून घेतलीत आणि स्टॉप खिसा बघून लावलात, म्हणून हे होतंय.

मग 170 चा लावायचा का? हिशोब करा. जानेवारी 2026 पासून निफ्टीचा लॉट, म्हणजे एका सौद्याचं ठरलेलं कमीत कमी माप, 65 चा आहे (नोव्हेंबर 2024 मध्ये तो 25 वरून 75 केला होता, त्यामुळे जुन्या व्हिडिओतले आकडे तसेच्या तसे धरू नका). 170 गुणिले 65 म्हणजे 11,050 रुपये, एका सौद्यात. लागोपाठ तीन चुकले, आणि चुकतातच, तर 33 हजार गेले. त्यात एका लॉटचा सौदाच पावणेसोळा लाखांचा, त्याचं मार्जिन (ब्रोकरकडे ठेवायची अनामत) भरलं की अडीच लाखांतलं हातात फारसं उरत नाही, आणि रोज संध्याकाळी मार्क टू मार्केट होतं, म्हणजे त्या दिवसाचा तोटा रोखीत कापला जातो. पैसे कमी पडले की ब्रोकर तुमचा पॅटर्न पूर्ण होईपर्यंत थांबत नाही.

आणि रात्रभर पोझिशन ठेवणार असाल तर 4 जून 2024 चा चार्ट उघडून बघा. आदल्या दिवशी निफ्टी 23,263 ला बंद झाला होता, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी 21,884 ला. 1,379 पॉइंट. आजच्या लॉटने धरलं तर 89 हजारांच्या वर, एका दिवसात.

म्हणून मला कळकळीने सांगावंसं वाटतं की फ्युचर आत्ता थांबवा, चार्ट थांबवू नका. निफ्टीबीज, म्हणजे शेअरसारखा बाजारात मिळणारा निफ्टीचा फंड, कॅशमध्ये (पूर्ण पैसे देऊन) घ्या, त्यात लॉटची भानगड नाही, पाच युनिट घ्या की पन्नास घ्या, स्टॉप जिथे चार्ट सांगेल तिथे लावता येतो आणि किती घ्यायचं ते खिसा ठरवतो. मुळात क्रम हाच पाहिजे. दुसरं, जुने चार्ट उघडून उजवी बाजू पोस्टकार्डाने झाका आणि कार्ड एकेक कॅन्डल (चार्टवरची भावाची एक उभी पट्टी) सरकवत जा. पॅटर्न पूर्ण व्हायच्या आधी वहीत लिहा, कुठे घेणार, कुठे चूक मान्य करणार. मी शिकताना असे चार्ट काढले तेव्हा पहिल्यांदा डोळ्यात भरलं की फसलेले डबल बॉटम किती असतात, कारण क्लासच्या स्लाइडवर फक्त जमलेलेच लावलेले असतात. असे शंभर तरी करा, फसलेले पण मोजा.

शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये आकडे दिले होते, आर्थिक वर्ष 2022 ते 2024 या तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये (फ्युचर आणि ऑप्शनमध्ये) उतरलेल्या 1 कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडरपैकी 93 टक्के तोट्यात, खर्च धरून सरासरी तोटा माणशी 2 लाखांच्या आसपास. हे सगळे काय चार्ट न शिकता आले होते असं मला वाटत नाही. तुमचे अडीच लाख पगारातून साठवलेले आहेत, म्हणून एवढं लिहिलं.

प्रश्न : मिस्टरांना फ्युचरमध्ये 80 हजारांचा लॉस झालाय. ते म्हणतात फायदाच नाही तर इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये कशाला दाखवायचं. बरोबर आहे का? (नाशिक)

उत्तर : नाही ताई, दाखवायलाच हवा. एफ अँड ओ हे धंद्याचं उत्पन्न धरतात, त्यामुळे नोकरी असली तरी रिटर्नचा आयटीआर 3 हा फॉर्म भरावा लागतो. हा तोटा पगारातून वजा होत नाही, पण घरभाडं किंवा एफडीचं व्याज येत असेल तर त्याच वर्षी त्यातून होतो, आणि उरलेला पुढची 8 वर्षं धंद्याच्या उत्पन्नासमोर वापरता येतो. मात्र रिटर्न मुदतीत भरलेला पाहिजे, उशीर झाला की तोटा पुढे नेता येत नाही. ब्रोकरच्या साइटवरून टॅक्स पी अँड एलचं (नफा-तोट्याचं) स्टेटमेंट काढा आणि या आठवड्यातच सीएकडे नेऊन द्या.