आधी वाफ जाऊ द्या, मग पिझ्झा

प्रश्न : परसात एक मीटर व्यासाची लाकडावरची भट्टी बांधतोय. फायर ब्रिकचा घुमट परवाच पुरा झाला. गवंडी म्हणतो, दोन दिवस पाणी मारा आणि मग भरपूर लाकडं घालून एकदाच ढणढण पेटवा, म्हणजे भट्टी पक्की होते. घुमटावर घालायचं सिरॅमिक ब्लँकेट (ऊब अडवणारी तंतूंची जाड चादर) आणून ठेवलंय. ते आत्ता लावायचं की भट्टी तापवून झाल्यावर?
– एक वाचक, देवरुख

उत्तर : गवंड्याचं पाणी मारण्यापर्यंतचं ऐका. पुढचं सोडून द्या.

माझी नोकरी कोल्हापुरात फाउंड्रीत गेली. वितळलेलं लोखंड ज्यात घेतात त्या लेडलला आतून अस्तर असतं. नवं अस्तर बर्नरने तासन्‌तास शेकून कोरडं केल्याशिवाय त्यात धातू घ्यायचा नाही, हा तिथला पहिला नियम. अस्तर ओलं राहिलं तर धातू उसळून माणसांच्या अंगावर येतो. तुमच्या परसात तेवढं काही होणार नाही, पण शास्त्र तेच आहे. एक लिटर पाण्याची साधारण १७०० लिटर वाफ होते. विटांच्या पोटात आणि सांध्यातल्या मालात पाणी असताना एकदम जाळ दिला, तर एवढ्या वाफेला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. मग विटेचा पापुद्रा उडतो, सांधा सुटतो, आणि गवंडी म्हणतो वीट खराब होती.

तेव्हा क्रम असा ठेवा. सांध्यात सिमेंटचा अंश असेल तर दोन-तीन दिवस गोणपाट ओलं ठेवून घुमट झाकून ठेवा. नुसत्या फायर क्लेची जुडाई असेल तर पाणी मारायची गरजच नाही, उलट माती धुऊन निघेल. त्यानंतर किमान आठवडाभर दार उघडं ठेवून भट्टी वाऱ्यावर सुकू द्या. हा आठवडा फुकटचा आहे, तो वाचवू नका.

आता ब्लँकेट. माझ्या मते ते आधीच लावावं, पण त्यावरचं प्लास्टर मात्र शेक देऊन झाल्यावर. घुमट उघडा ठेवून आत जाळ केला तर विटेची आतली बाजू तापून फुगते आणि बाहेरची गारच राहते. त्या ओढाताणीत बाहेरून चिरा पडतात. वर ब्लँकेट असलं की वीट आरपार सारखी तापते. एक इंच जाडीचे दोन थर द्या, खालच्या थराचे जोड वरच्या थराने झाकले जातील असे, आणि वरून कोंबडीची जाळी ओढून बांधा. बाजारातला रोल सहसा ७.३ मीटर लांब आणि दोन फूट रुंद असतो. तुमच्या घुमटाला एका रोलमध्ये दोन थर जेमतेम होतील, त्यामुळे कापताना तुकडे फेकू नका. एक मात्र कटाक्षाने पाळा. हा कापूस नव्हे. त्याचे तंतू फुफ्फुसाला वाईट असतात. कापताना एन-९५ मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि पोरंबाळं लांब. काम झाल्यावर ते कपडे घरच्या धुण्यात टाकू नका.

मग शेक. पहिल्या दिवशी लाकूड नकोच. लोखंडी शेगडीत कोळसे फुलवून ती भट्टीच्या मधोमध ठेवा, दार अर्धवट लावा आणि घुमटाची आतली बाजू १०० अंशांच्या आसपास पाच-सहा तास राहील असं बघा. (शेड सगळीकडून बंद असेल तर आधी ती मोकळी करा. कोळशाच्या धुराला वास नसला तरी तो जीव घेतो.) दुसऱ्या दिवशी १५० अंश. मग बारीक काटक्यांचा जाळ करून २००, २५०, असं रोज पन्नास-पन्नासने ३५० पर्यंत चढा. ज्वाळा छताला चाटायला लागली की समजा घाई होतेय. मापायला हातातली इन्फ्रारेड गन घ्या, ५५० अंशांपर्यंत दाखवणारी पुरते.

पाणी गेलं की नाही हे अंगठा लावून कळत नाही. संध्याकाळी आग विझून ब्लँकेट हाताला कोमट लागायला लागलं की त्यावर प्लास्टिकचा कागद अंथरा आणि कडेला विटा ठेवा. सकाळी कागद उचलून आतली बाजू बघा. पहिल्या एक-दोन सकाळी पाण्याचे टपोरे थेंब ओघळताना दिसतील, पुढे नुसता दमटपणा, आणि एके दिवशी कागद कोरडा निघेल. थेंब दिसताहेत तोवर आकडा चढवू नका, कालच्याच तापमानावर आणखी एक दिवस काढा. कागद रोज सकाळी काढायचा, झाकून ठेवायचा नाही.

कागद कोरडा निघाला की मग प्लास्टर. चुन्याचं करा, किंवा व्हर्मिक्युलाइटचे (तापवून फुगवलेल्या हलक्या खनिजाचे) पाच-सहा भाग आणि सिमेंटचा एक भाग असा हलका थर देऊन त्यावर चुना. ऑइल पेंट अजिबात नको. उरलीसुरली वाफ निघायला माथ्यावर एक बारकी नळी सोडा. गवंडी हसेल, हसू दे.

प्रश्न : आमच्या होमस्टेच्या अंगणात गेल्या वर्षी भट्टी बांधून घेतली. घुमटावर भरपूर इन्सुलेशन आहे, बाहेरून हात लावला तर गार लागतो. पण पिझ्झा वरून करपतो आणि खालून कच्चा राहतो. पहिला बरा येतो, तिसऱ्या-चौथ्यापासून तळ पांढराच. पाहुण्यांसमोर लाज जाते. लाद्या बदलू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या पत्रात पुढे लिहिलंय की लाद्या ‘थेट आर.सी.सी. स्लॅबवर’ बसवल्या आहेत. रोग तिथे आहे. लाद्यांनी घेतलेली ऊब खालचा स्लॅब सारखा ओढून घेतो. पहिल्या पिझ्झ्याला वरवरची धग पुरते. त्यानंतर लादीत मागून भर पडायला हवी, तर ती सगळी खाली चाललेली. आमच्याकडे भट्टी बांधणारे सगळा पैसा आणि सगळी हौस घुमटावर खर्च करतात, कारण तो दिसतो. जमिनीखाली काय आहे हे कोणी विचारत नाही. मला विचाराल तर हात आखडता घ्यायचाच असेल तर घुमटावर घ्यावा, जमिनीखाली नाही.

लाद्या नुसत्या वाळूवर किंवा फायर क्लेवर बसवलेल्या असतील तर त्या दारातून एकेक करून उचलता येतात. काम कंटाळवाणं आहे, पोटावर झोपून करावं लागतं. खाली ऊब अडवणारा दोन इंची कॅल्शियम सिलिकेट बोर्ड घाला आणि त्यावर पुन्हा लाद्या बसवा. पण जमीन दोन इंच वर आली की दार तेवढंच बुटकं होतं. दाराची उंची आतल्या घुमटाच्या उंचीच्या साधारण ६३ टक्के असावी असा भट्टीवाल्यांचा हिशेब आहे. त्यापेक्षा फार कमी झाली तर आग घुसमटते, फार जास्त झाली तर ऊब बाहेर पळते. दोन्ही उंच्या मोजून मगच ठरवा.

लाद्या पक्क्या बसल्या असतील तर तोडफोड करू नका. निखारे जमिनीभर पसरून अर्धा-पाऊण तास तसेच राहू द्या, मग एका बाजूला सारा आणि ओल्या फडक्याने जमीन पुसा. दर दोन-तीन पिझ्झ्यांनंतर निखारे पुन्हा मधे ओढा. पाहुणे दहा मिनिटं थांबतील.

जमीन तयार आहे का हे बघायला चिमूटभर मैदा टाका. हळूहळू तांबूस झाला तर पावाचं तापमान आहे. पडताक्षणी काळा झाला तर पिझ्झ्याचं.

प्रश्न : सिरॅमिक ब्लँकेट महाग आहे आणि तुम्हीच म्हणता की ते धोक्याचं. आमच्या गावच्या पोदेराच्या (पाववाल्याच्या) भट्टीत लाद्यांखाली मीठ आणि फुटक्या काचा घातल्याचं वडील सांगायचे. मीही तेच करू का? घरी भाताचं तूस आणि रिकाम्या बाटल्या मुबलक आहेत.
– एक वाचक, सासष्टी, गोवा

उत्तर : बाटल्या मुबलक कशा झाल्या ते विचारत नाही.

पोदेराची भट्टी आणि तुमची भट्टी यांचं काम वेगळं आहे. त्याची भट्टी रोज पेटते, कधी पुरती गार होतच नाही. त्याला ऊब साठवून ठेवणारं वजन हवं : चिऱ्याच्या जाड भिंती, माती, वाळू, काच, मीठ. आग काढल्यावर घाणामागून घाणा पाव त्या साठ्यावर निघतात. तुम्ही रविवारी पेटवणार. तेवढं वजन तापवायला दुपार जाईल, लाकडं संपतील, आणि भट्टी जेमतेम रंगात येईल तोवर घरचे भात-आमटी जेवून झोपलेले असतील. तुम्हाला वजन थोडं आणि अडवणूक जास्त हवी. अडवते ती कोंडलेली हवा. फुटक्या काचेत हवा कोंडलेली नसते, आख्ख्या बाटलीत असते.

म्हणून बाटल्या वापरा, पण आख्ख्या, धुऊन, पूर्ण वाळवून आणि बूच न लावता. बूच लावलेल्या बाटलीत ओल राहिली तर ती फुटेल. चौथऱ्यावर मातीत कालवलेल्या तुसाचा दोन इंच थर द्या, त्यावर बाटल्या आडव्या चिकटून मांडा, मधल्या फटी त्याच मिश्रणाने भरा, वर पुन्हा तीन इंच थर आणि मग लाद्या. तूस भरपूर हवं आणि माती फक्त ते धरून ठेवण्यापुरती. मूठ वळली आणि उघडल्यावर गोळा टिकला की झालं. लाद्यांजवळचं तूस पुढे हळूहळू जळून जातं आणि त्याच्या जागी पोकळी राहते, ती आपल्या फायद्याची. घुमटावरही हेच मिश्रण सहा-आठ इंच लिंपा. ब्लँकेटच्या दोन इंचांचं काम करायला एवढी जाडी लागतेच. मातीकामात पाणी खूप असतं, तेव्हा वर देवरुखकरांना सांगितलेला शेक तुम्ही आणखी सावकाश द्या.

मीठ मात्र टाळा. पावसाळ्यात ते हवेतलं पाणी ओढतं, आणि खाली सळयांचा स्लॅब असेल तर सळया गंजवतं.

प्रश्न : पावसाळ्यानंतर भट्टी पेटवली तर बाहेरच्या प्लास्टरमधून वाफा निघाल्या आणि आत घुमटाला केसासारख्या चिरा दिसल्या. भट्टी गेली का?
– एक वाचक, महाड

उत्तर : नाही. केसाएवढ्या चिरा सगळ्याच भट्ट्यांना पडतात, तापल्यावर मिटतात, गार झाल्यावर दिसतात. चिरेत रुपयाचं नाणं कडेने जायला लागलं तर फायर क्ले आणि बारीक वाळूचा घट्ट लगदा आत दाबा, भट्टी गार असताना. साधं सिमेंट भरू नका, ४००-४५० अंशांपुढे त्याचा जीव जातो आणि ते भुसभुशीत होऊन गळतं.

वाफेचं मात्र मनावर घ्या. इन्सुलेशनमध्ये पाणी शिरलंय. हवेपेक्षा पाण्यातून उष्णता वीसेक पट सहज जाते, म्हणजे ओलं ब्लँकेट असून नसल्यासारखं. नव्या भट्टीसारखाच पुन्हा कोळशापासून शेक द्या, या वेळी तीन-चार दिवसांत भागेल. आणि पुढच्या मे महिन्यात भट्टीवर पत्रा टाका. कोकणातल्या पावसात नुसत्या प्लास्टरच्या भरवशावर कोरडी राहिलेली भट्टी मी अजून पाहिलेली नाही. ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, तिच्याखाली भट्टी घामेजते.

प्रश्न : काजूच्या बिया फोडल्यावर उरलेली टरफलं भट्टीत जाळली तर चालतील? छान पेटतात.
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : पेटतात ती त्यातल्या तेलामुळे, आणि ते तेल हातावर उडालं तर काय होतं हे सावंतवाडीकरांना मी सांगायला नको. त्याचा धूर डोळ्यांना आणि घशाला तसाच झोंबतो, वर घुमटावर चिकट काजळी धरते. पावाच्या भट्टीत नकोच. प्लायवूड आणि रंगवलेल्या चौकटीही नकोत. आंबा, बाभूळ, सुरू, काहीही चालेल, वर्षभर सुकलेलं असावं. नारळाच्या करवंट्या चालतात, पण त्यांची धग एकदम चढते, म्हणून शेक पुरा झालेल्या भट्टीतच, आणि मूठ-मूठ.