शंभरातले आठ

गेल्या दीड-दोन वर्षांत एक प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की समोरच्यानं "मॅडम, ते एआय..." म्हटलं की पुढचं मीच बोलून टाकते. बीकॉम नाहीतर बीबीए झालंय, कोडिंग येत नाही, बारावीनंतर गणिताला हात लावलेला नाही, आणि आता बिझनेसमधल्या एआयचं पीजी करायचंय, तर झेपेल का? मी समुपदेशक, लातूर पॅटर्नचं गाव, नीटची पोरं, रिपीटर, त्यांचे आईबाप हे माझं रोजचंच. पण हे पीजीवाले नवीन. कुणी जालन्याहून फोन करतं, कुणी परभणीहून, आणि प्रत्येकाला वाटतं ही भीती फक्त आपल्यालाच आहे.

म्हणून ओंकारचं सांगते. नाव बदललंय, ज्यानं ओळख पटेल असे अजून थोडे तपशील पण बदललेत, त्याला विचारूनच लिहितेय.

वडलांची, म्हणजे अण्णांची, मार्केट यार्डात आडत, सोयाबीन आणि तूर. पोरगा बीकॉम, दिसायला शांत. पुण्यात एमबीएला अॅडमिशन, त्यात एआय आणि अॅनालिटिक्स घेतलेलं, एज्युकेशन लोन काढलेलं. दिवाळीला घरी आला आणि परत जायचं नावच काढेना. आई घेऊन आली माझ्याकडं.

"वर्गात निम्मे इंजिनिअर आहेत मॅडम," म्हणाला. "ते पायथनमध्ये कोड असा लिहितात जसा आपण मेसेज टाइप करतो. मला एरर काय आलाय ते वाचायलाच अर्धा तास लागतो. मी चुकून शिरलोय तिथं. एक दिवस कुणीतरी ओळखणार."

आता माझ्यातला वाचक जागा झाला (ही माझी जुनी खोड). मी त्याला हर्बर्ट सायमनची गोष्ट सांगितली. १९५६ साली अमेरिकेत डार्टमथला ज्या उन्हाळी कार्यशाळेनं या विषयाला आर्टिफिशियल इंटेलिजन्स हे नाव दिलं, तिथं हा माणूस होता, नेवेल आणि शॉ यांच्यासोबत त्यानं लॉजिक थिअरिस्ट हा गणितातली प्रमेयं सिद्ध करणारा प्रोग्रॅम बनवला, आणि त्याची पीएचडी होती राज्यशास्त्रात! ऑफिसात माणसं निर्णय कसे घेतात हा त्याचा अभ्यास, १९७८ चं नोबेल मिळालं ते अर्थशास्त्राचं. म्हणजे बाबा, या घराची पायाभरणी करणाऱ्यांत तुझ्यासारखेच बिगर-इंजिनिअर होते. ओंकारनं मान हलवली. पेशंट गोळी घेताना हलवतो तशी. माहितीनं माणूस बदलत नाही हे इतकी वर्षं या खुर्चीत बसून पण मी दर वेळी विसरते.

दुसऱ्या बैठकीत त्याला म्हटलं, डोक्यात दिवसभर जी वाक्यं फिरतात ती कागदावर लिही. मला सगळं लगेच कळलंच पाहिजे. मागं पडून चालणारच नाही. अण्णांचे पैसे वाया जाताच कामा नयेत. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेवरची, मला त्या वाक्यांत फक्त "च" दिसतो. एलिसनं १९५५ च्या सुमारास हे सांगायला सुरुवात केली की माणसाला त्रास इच्छेचा नसतो, इच्छेची सक्ती होते तिचा असतो, आणि आपल्या मराठीत ती सक्ती एका अक्षरात मावते. आम्ही एकेक "च" खोडत गेलो. वाक्य तेच, पण वाचताना आवाज उतरला त्याचा. बरं वाटलं, पण एवढ्यावर पोरगा पुण्याची गाडी धरेल असं काही मला वाटेना.

तिसऱ्या बैठकीत उठता उठता सहज बोलला. "सरांनी बँकेचा डेटा दिला होता, कर्ज कोण बुडवणार ते ओळखायचं. एका ग्रुपचं मॉडेल, म्हणजे डेटावरून अंदाज सांगणारा प्रोग्रॅम, ९२ टक्के बरोबर आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"तू?"

"मी पण वाजवल्या. पटलं नव्हतं खरं तर, पण मी कोण बोलणार."

"काय पटलं नव्हतं?"

"त्या डेटात शंभरातले आठच बुडवणारे होते ना. मॉडेल सगळ्यांनाच फेडणार म्हणत होतं. मग ब्याण्णव बरोबर येणारच की."

मला कळलं नाही, खरंच सांगते. म्हटलं परत सांग, हळू. तो परत बसला.

"असं बघा, अण्णा पेरणीच्या टायमाला शेतकऱ्यांना उचल देतात. शंभरातले नव्वद-ब्याण्णव फेडतात हे त्यांना माहितीच असतं, ते आठ कोण हेच तर ओळखायचं असतं. सगळेच फेडतील असं सांगायला मशीन कशाला पाहिजे, आमचा हमाल पण सांगेल. आणि चूक-चूक पण सारखी नसते मॅडम. चांगलं गिऱ्हाईक परत पाठवलं तर आडतीचं कमिशन जातं, बुडव्याला दिलं तर मुद्दलच जातं."

मी गप्प राहिले. समुपदेशनात गप्प राहणं शिकायला मला दहा वर्षं लागली, त्या दिवशी ती वसूल झाली. पंख्याचा आवाज येत होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं, आणि मग म्हणाला, "हे मी वर्गात बोलायला पाहिजे होतं."

बघा, तो तिथं "च" लावू शकला असता. लावला नाही.

मला जे उमगलं ते असं की ओंकारला ज्याची लाज वाटत होती, आडतीच्या गादीवर बसून काढलेलं बालपण, नेमकं तेच त्या वर्गात दुसऱ्या कुणाकडं नव्हतं. कोड लिहिणारे होते, पण आकडा बरोबर आला म्हणजे धंद्याचं उत्तर बरोबर आलं असं नसतं हे त्याला अंगात मुरलेलं होतं. पुण्याला परत गेल्यावर त्याला कळलं की सरांनी तो सापळाच लावला होता, पुढच्या तासाला कन्फ्युजन मॅट्रिक्स (कुठल्या प्रकारच्या चुका किती झाल्या त्याचा तक्ता) आणि रिकॉल (खऱ्या बुडव्यांपैकी किती पकडले) शिकवलं. त्याला मी गृहपाठ दिला होता, दर आठवड्याला वर्गात एक बावळट प्रश्न मोठ्यानं विचारायचा. पहिल्या वेळी घाम फुटला म्हणे, तासानंतर दोन इंजिनिअर पोरं येऊन म्हणाली बरं झालं विचारलंस.

पण यातून कॉमर्सवाल्यांना सगळं आपोआप जमतं असा अर्थ काढू नका. त्याला स्टॅटिस्टिक्स रात्री बसून करावंच लागलं, हा "च" मी खोडला नाही. नांदेडची एक मुलगी आली होती, चुलतभाऊ म्हणाला म्हणून एआय घेणार होती. तिला सांगितलं आधी स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर एनपीटीईएलचा (आयआयटीवाल्यांचा) स्टॅटिस्टिक्सचा कोर्स बारा आठवडे कर, शिकणं फुकट आहे, परीक्षा द्यायची तरच फी. तिसऱ्या आठवड्यात सोडला, आणि सुटल्यासारखी हसत सांगायला आली. ते पण उत्तरच आहे. फी भरण्याआधी सिलॅबस मागून घ्या, त्यात स्टॅटिस्टिक्स, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि खऱ्या, घाणेरड्या डेटावरचा प्रोजेक्ट आहे का बघा, नुसती टूलची नावं आणि प्रॉम्प्ट (एआयला द्यायच्या सूचना) असतील तर ते दोन वर्षांत शिळं होणार. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ ला आलं, त्याआधीची टूलं शिकलेल्यांना विचारा. प्लेसमेंटचा आकडा सांगितला तर विचारा कुठल्या कामावर घेतलं, कारण एआयच्या नावानं सेल्सला घेतलेले पण माझ्याकडं येतात. आणि एआय नोकऱ्या खाईल का, याला माझं उत्तर एवढंच की काही कामं जातील, पण मशीननं दिलेला ९२ चा आकडा बघून "थांबा" म्हणणारा माणूस लागेल.

पाडव्याला ओंकार घरी आला तेव्हा अण्णांना घेऊन भेटायला आला. अण्णा खुर्चीच्या कडेवर बसले. त्यांनी लेकाला विचारलं होतं, तुझं ते एआय उचल कुणाला द्यायची सांगेल का? हा म्हणाला सांगेल, पण आधी तुमच्या वह्या कॉम्प्युटरवर टाइप कराव्या लागतील. चार दिवस दोघं बापलेक दुकानात वह्या काढून बसले. काही नावांपुढं पेनानं बारीक टिंब दिलेलं. ओंकारनं विचारलं हे काय.

"अण्णांनी काय सांगितलं माहितीय का मॅडम," ओंकार माझ्याकडं बघून म्हणाला, "म्हणे हे टाइप करायचं नाही."

अण्णा हसले. टिंबाचा अर्थ मलाही सांगितला नाही.