कॅरिबूंच्या जनुकांवर काम करायला कॅनडात यायचंय?

वाघाच्या विष्ठेतून डीएनए काढायचा अनुभव गाठीशी आहे, तर कॅनडात रानटी कॅरिबूंवर, म्हणजे उत्तरेकडच्या थंड प्रदेशातल्या रेनडियर हरणांवर, एम.एस्सी. करायला यावं का, असं तू विचारलंयस. जरूर ये, पण आधी मार्गदर्शक पक्का कर. प्राध्यापक हो म्हणाले आणि पैशाची सोय झाली, की मगच अर्जाला अर्थ. पीटरबरोचं ट्रेंट विद्यापीठ या विषयात नावाजलेलं आहे. तिथले पेपर वाचून मग ईमेल टाक.

तुझा हात इथे सरळ उपयोगी पडेल. आपल्याकडे ऊनपावसात विष्ठेतला डीएनए लवकर खराब होतो. इथे हिवाळ्यात बर्फावरच्या लेंड्या जागच्या जागी गोठतात. लेंडीवर आतड्यातल्या श्लेष्माचा पातळ थर असतो, काम त्याच्यावर. जनावराला हातही न लावता नर की मादी, कोण कोणाच्या नात्यातलं, सगळं कळतं. नमुना प्रयोगशाळेत पोचेपर्यंत वितळू द्यायचा नाही, हे पथ्य मात्र कडक.

पण नुसती जनुकं वाचून कळप वाचत नाही, हे मनाशी धरूनच ये. कॅनडा-अमेरिका सीमेवरच्या साउथ सेल्कर्क या कॅरिबूंच्या कळपात 2018 मध्ये तीन माद्या उरल्या होत्या, नर एकही नाही. तिथे जनुकीय विविधता मोजून काय करणार? मूळ दुखणं जंगलाचं आहे. जुनं जंगल तोडलं की कोवळी झुडपं फुटतात, ती खायला मूस (थोराड अंगाची हरणं) आणि इतर हरणं येतात, त्यांच्या जिवावर लांडगे वाढतात. तेलाच्या शोधासाठी पाडलेल्या सरळ पट्ट्यांवरून ते कॅरिबूंपर्यंत झपाट्याने पोचतात. आणि कॅरिबूच्या मादीला वर्षाला पिल्लू एकच.

ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या क्लिन्से-झा कळपाचा अभ्यास अवश्य कर. 2013 मध्ये तिथे 38 जनावरं होती. वेस्ट मोबर्ली आणि सॉल्टो या फर्स्ट नेशन्सनी, म्हणजे तिथल्या मूळनिवासी समाजांनी, गाभण माद्या कुंपणात सांभाळल्या, गावकऱ्यांनी हाताने दगडफूल गोळा करून त्यांना खाऊ घातलं, लांडगेही कमी केले. आज कळप शंभरावर गेलाय. लांडगे मारतात हे ऐकून तुला त्रास होईल, मलाही होतो. पण ते थांबवलं असतं तर कळप उरला नसता, असं माझं ठाम मत आहे.

गरम कपडे इथेच घे, गाडी चालवायला मात्र तिकडेच शीक. आणि मार्गदर्शकांना हे नक्की विचार: नमुने कोणाच्या भूमीतून येतात, त्या लोकांची संमती कशी घेता, निष्कर्ष त्यांना कधी सांगता? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी प्रयोगशाळा बघ.