ॲमस्टरडॅमहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं, मित्रांबरोबर निवांत फिरता येईल असं कालव्यांचं शहर कोणतं? डेल्फ्ट, उट्रेख्ट की लायडन?

लायडन. डेल्फ्ट गोड आहे, उट्रेख्टचा पाण्याच्या पातळीवरचा धक्का तर मला फारच आवडतो. पण तुम्ही लिहिलंय की पाच जण आहात, त्यातली एक शाकाहारी, एकाला चालायचा कंटाळा आणि ‘धावपळ अजिबात नको’. मग दुसरं नाव सुचत नाही. आम्ही ॲमस्टरडॅमशेजारच्या ॲमस्टेलव्हेनला राहतो आणि भारतातून कोणी आलं की त्यांना हमखास तिकडेच नेतो.

शनिवारी जा. बुधवारी आणि शनिवारी न्यूवे ऱ्हेन या नदीच्या फाट्याच्या काठाने बाजार भरतो आणि निम्मी मजा त्या बाजारात आहे. ॲमस्टरडॅम सेंट्रालहून थेट गाडीने पाऊण तासही लागत नाही. तिकिटाच्या रांगेत उभं राहायची गरज नाही. बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड चढताना फाटकावर टेकवायचं, उतरल्यावर पुन्हा टेकवायचं. मात्र प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं, आणि उतरताना टेकवायचं राहिलं तर जास्तीचे पैसे कापले जातात.

स्टेशनातून गावात शिरताना डाव्या हाताला ‘दे फाल्क’ ही 1743 सालची विटांची उंच पवनचक्की दिसेल. ज्यांना जिने चढायचे असतील ते चढोत, बाकीच्यांनी फोटो काढून सरळ बाजार गाठावा.

न्यूवे ऱ्हेन दिसतो कालव्यासारखा, पण तो ऱ्हाइन नदीचाच फाटा. गावाच्या मध्यावर जुना आणि नवा असे दोन फाटे एकमेकांना मिळतात. बाजारात आधी चीजच्या गाड्यावर थांबा. लायडनच्या स्वतःच्या चीजमध्ये चक्क अख्खं जिरं असतं! अर्धवट साय काढलेल्या दुधाचं असल्यामुळे ते जरा कडक आणि कोरडं लागतं, पण जिऱ्याचा वास आला की आपली माणसं एकदम खुलतात. मागितलं तर पातळ काप चाखायला देतात. तुमच्या शाकाहारी मैत्रिणीने मात्र त्यात वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) आहे का, हे आधी विचारून घ्यावं. शिवाय बटाट्याचे जाड काप, पोफर्चेस (छोटे फुगीर पॅनकेक) आणि तिथल्या तिथे भाजलेलं, मधे पाक भरलेलं गरम स्ट्रोपवाफल आहेच. मासे खाणाऱ्यांनी किब्बलिंग घ्यावं, म्हणजे पिठात घोळवून तळलेले माशाचे तुकडे. धीर असेल तर बारीक चिरलेला कांदा पेरलेला हेरिंग मासाही खाऊन बघा. तो शिजवलेला नसतो, नुसता खारवलेला असतो. आमच्यातला मालवणचा मित्र आधी नाक मुरडत होता, मग माझ्याही पुडीतला संपवला त्याने.

या हेरिंगला गावात मोठा मान आहे. 1574 मध्ये स्पॅनिश सैन्याचा वेढा पडून लायडन उपाशी मरत होतं, तेव्हा स्पेनविरुद्ध लढणाऱ्या डच बंडखोरांनी बांध फोडून शेतांत पाणी सोडलं आणि सपाट तळाच्या होड्या वल्हवत ते गावापर्यंत आले. त्यांनी उपाशी लोकांमध्ये हेरिंग आणि पांढरा पाव वाटला. 3 ऑक्टोबरला अजूनही गावात सुट्टी असते, जत्रा भरते आणि हेच खाल्लं जातं. तुम्हाला शांतता हवी असेल तर तेवढा दिवस टाळा.

पोट भरलं की बोट. मार्गदर्शकाची बोटही मिळते, पण पाच जण आहात तर तासावर मिळणारी छोटी इलेक्ट्रिक बोट घ्या. लायसन्स लागत नाही, आवाज होत नाही, आणि चालायचा कंटाळा असलेल्याला सुकाणू देऊन टाका. पूल मात्र बुटके आहेत, ‘डोकी खाली!’ हे ओरडायचं काम एकाकडे ठेवाच.

रापेनबुर्ग कालव्यावरून पुढे गेलात की स्टेनस्खूर कालव्याच्या काठी दाट घरांच्या रांगेत अचानक मोकळं पार्क लागतं. तिथे पूर्वी घरंच होती. 12 जानेवारी 1807 रोजी दारूगोळ्याने भरलेलं जहाज इथे कालव्यात उभं असताना त्याचा स्फोट झाला, दीडशेच्या आसपास माणसं गेली आणि मोहल्लेच्या मोहल्ले पडले. त्याच पडलेल्या भागात नंतर प्रयोगशाळा उभी राहिली. तिथे डच भौतिकशास्त्रज्ञ कामरलिंग ओनेसने 1908 मध्ये हेलियम वायू द्रवरूप केला आणि 1911 मध्ये अतिवाहकता (अतिथंड धातूतून विनाअडथळा वीज वाहणं) शोधली. आता त्या इमारतीत कायद्याचे विद्यार्थी बसतात. आमच्या ग्रुपमधले दोन इंजिनियर तिथे इतके रेंगाळले की बोटीची वेळ उलटायला आली.

दुपारनंतर काही ठरवू नका. बुर्ख्त हा टेकाडावरचा गोल जुना किल्ला फुकट बघता येतो; चढ अगदी थोडा आहे आणि वरून सगळी कौलं दिसतात. भिंतींवर निरनिराळ्या भाषांतल्या, निरनिराळ्या लिप्यांतल्या शंभरावर कविता रंगवल्या आहेत, त्या हिंडता हिंडता आपोआप भेटतात. रस्त्यात एखादा छोटा दरवाजा उघडा दिसला तर आत ‘हॉफ्ये’ असेल: मधे बाग, भोवती बुटकी घरं. पूर्वी गरीब म्हाताऱ्यांसाठी बांधलेली ही घरं आहेत आणि आजही तिथे लोक राहतात, तेव्हा आत गप्पांचा आवाज जरा आवरा. मग न्यूवे ऱ्हेनवर परत या. तिथे पाण्यात बांधून ठेवलेल्या सपाट बोटींवर कॅफेंची टेबलं मांडलेली असतात. ऊन असलं तर जागा धरून बसा, कोणी उठवत नाही.

पाऊस आलाच तर बुरहाव्ह हे विज्ञानाच्या इतिहासाचं संग्रहालय. सूक्ष्मजीव पहिल्यांदा पाहणाऱ्या लेव्हेनहुकचे मूळ सूक्ष्मदर्शक बघा, बोटाएवढे आहेत.

आणि ट्युलिपच्या हंगामात येत असाल तर ‘सकाळी क्यूकेनहोफची ट्युलिपची बाग, दुपारी लायडन’ असा सल्ला भरपूर जण देतील. बस लायडनहूनच सुटते, त्यामुळे मोह होतो. पण तिथली गर्दी आणि बसची रांग यातच अर्धा दिवस जातो, तेव्हा बागेसाठी वेगळा दिवस काढा.