हेझलनटला तुरे येतात, पण फळ धरत नाही

प्रश्न: आम्ही ओरेगॉनमध्ये हिल्सबरोला राहतो. घरामागे हेझलनटचे एक मोठे झाड आहे. दर हिवाळ्यात पिवळे तुरे लोंबतात, पण फळ धरत नाही. खत कमी पडते का?

उत्तर: खत वाढवू नका, पाने तेवढी माजतील. अडचण झाड एकटे असण्याची आहे. लोंबतात ते तुरे नरफुलांचे. मादीफुले नीट पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. जानेवारी-फेब्रुवारीत फांदीवरच्या डोळ्याच्या (कळीच्या) टोकाला लाल तंतूंचा बारीक झुबका दिसला, तर तेच मादीफूल. पराग वाऱ्यावर जातो, मधमाश्यांचा इथे संबंध नाही. मात्र हे झाड स्वतःचा पराग स्वीकारत नाही. त्याच वाणाचे दुसरे कलम आणले तरी उपयोग नाही, कारण ते मूळ झाडच झाले. वाण वेगळा हवा, त्याचा पराग आपल्या झाडाशी जुळायला हवा आणि पराग उडण्याची वेळही साधायला हवी. म्हणून आधी आपल्या झाडाचा वाण रोपवाटिकेतून ओळखून घ्या. ते ‘जेफरसन’ असेल तर त्याची मादीफुले उशिरा उमलतात. त्याला ‘ईटा’ किंवा ‘थीटा’ जोडीला चालतात. हे तिन्ही वाण ओरेगॉन राज्य विद्यापीठाचे आहेत. नवे झाड पंधरा ते वीस फुटांवर, भरपूर उन्हात आणि पाण्याचा निचरा होणाऱ्या जागी लावा. धीर मात्र धरावा लागेल, तुरे यायलाच काही वर्षे जातात.

जुने झाड ‘बार्सिलोना’ वाणाचे निघाले तर फांद्या तपासा. सालीवर काळ्या फुगवट्यांची ओळ दिसली की ती फांदीमर बुरशी समजा. फांदी हिवाळ्यात, रोगट भागाच्या दोन-तीन फूट खालून कापून बागेबाहेर काढा. बुंध्यातले फुटवे वर्षातून तीन-चारदा काढत राहा, नाहीतर झाडाचे झुडूप होते. फळे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपोआप गळतात. रोज वेचा, नाहीतर खारी आधी पोचतात. वेचलेली पाण्यात टाकली की पोचट वर तरंगतात. उरलेली लगेच वाळवा.

प्रश्न: महाबळेश्वरला हेझलनट लावावे का?

उत्तर: लावू नका. या झाडाला हिवाळ्यात सात अंशांखालच्या थंडीचे शेकडो तास लागतात, तेवढे महाबळेश्वरला मिळत नाहीत. त्यातून पावसाळाभर पाने ओली राहणार. आपल्या देशात हे फळ हिमालयाच्या उंचीवरचे. हिमाचलातल्या पांगी खोऱ्यात रानात मिळते, तिकडे त्याला ठांगी म्हणतात. रोपे विकणारा ‘इथेही येते’ म्हणाला, तर फळ धरलेले झाड दाखवायला सांगा.